'नाही' लिहिल्यावर पुढे काय?

माझ्या भाचीनं तो फॉर्म भरला तेव्हा मी तिच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. घरून काम करणाऱ्यांसाठी तिच्या कंपनीनं पाठवलेला फॉर्म. खुर्ची पाठीला आधार देणारी आहे का, उजेड पुरेसा आहे का, प्लगला अर्थिंग आहे का, वायरी पायात येत नाहीत ना, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन गोल. ती मोठ्यानं वाचत होती, कारण अर्थिंगचं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेचं, तिला माहीत नव्हतं आणि विचारायला त्या वेळी घरात मीच होते. खुर्चीच्या प्रश्नाला तिनं 'नाही' केलं. खरंच नाही. ती जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आहे, पाठीला उशी आणि खाली दुमडलेली सतरंजी. उजेडाला 'नाही'. अर्थिंग आहे की नाही हे मलाही सांगता येईना, म्हणून तिथंही 'नाही'. शेवटी 'पाठवा' दाबलं तर फॉर्म पुढे जाईना. 'नाही'च्या तिन्ही ओळी लाल झाल्या आणि वर सूचना आली की सर्व अटी पूर्ण असल्याशिवाय फॉर्म स्वीकारला जाणार नाही. तिनं एक उसासा टाकला, तिन्ही ठिकाणी 'होय' केलं आणि पाठवून दिलं. सगळ्यात खाली एक ओळ होती: माझ्या घरातील कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी माझी आहे. "झालं आत्या," ती म्हणाली, "आज शेवटची तारीख होती." आणि हेडफोन लावून अमेरिकेतल्या कुणाशी तरी बोलायला लागली.

तिच्या बाजूनं ते संपलं. माझ्या डोक्यातून ते तीन 'होय' जाईनात. तिनं खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. तिला खरं लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. सांगलीतच विश्रामबागला माझ्या घरी परत येताना रिक्षात मी तेच घोळवत होते की, ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं तो विचारला कशासाठी? उद्या काही झालं तर कंपनीच्या हातात तिच्याच नावाचा कागद आहे. तिच्या हातात काय आहे?

आमचं माहेरचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत. ज्यांनी सांगलीचे पूर पाहिलेत त्यांना त्या भागाबद्दल वेगळं सांगायला नको. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर पाणी कमरेच्या वर होतं. पाणी ओसरल्यावर भिंती खरवडल्या, चिखल उपसला, आणि दादानं सगळे विजेचे पॉइंट उचलून खांद्याच्या उंचीवर नेले. पुन्हा पूर आला तर निदान वीज वाचावी म्हणून. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्याचा उपयोगही झाला. पण त्यामुळे भाचीच्या खोलीत आज काय दिसतं, तर खांद्याच्या उंचीवरच्या प्लगमधून एक एक्स्टेन्शनची वायर भिंतीवरून लोंबत खाली येते, पलंगाच्या कडेनं जाते आणि टेबलापाशी एका बोर्डात संपते. त्या एका बोर्डावर लॅपटॉप, दुसरी स्क्रीन, राउटर, मोबाइल आणि उन्हाळ्यात टेबलफॅन. तीन पिनांच्या एका प्लगला दोन पिनांचं अडॅप्टर लावलेलं, कारण बोर्डाचं तिसरं भोक बुजलंय. कॉल चालू असला की छताचा पंखा बंद करायचा, माइकमध्ये घरघर येते म्हणून. खिडकी लावायची, कारण गल्लीत भाजीवाला, देवळातली घंटा आणि पोरांचं क्रिकेट. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्या बंद खोलीत शिरलं की गरम प्लॅस्टिकचा आणि घामाचा वास येतो. कपाळाला चिकटलेले केस मागे सारत ती कॉलवर हसून बोलत असते. पलीकडच्यांना तिचा चेहरा दिसतो, मागे लावलेलं खोटं पुस्तकांचं कपाट दिसतं. खोली दिसत नाही.

आणि हे सगळं मला इतकं का लागतं, त्याला कारण अण्णा आहेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर, धातू कापायच्या यंत्रावर, होते. त्यांच्या शर्टाला कायम कूलंटचा तेलकट-गोडसर वास असायचा, आणि कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच. ते कारखान्याच्या सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी होते आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. ४ मार्चला त्यांच्या छातीवर बिल्ला लावलेला असायचा. १९६६ मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून देशभर तो सुरक्षा दिन. त्या दिवशी सगळे कामगार आणि साहेब एकत्र उभं राहून शपथ घ्यायचे. गेटवर एक काळा फळा होता, त्यावर शेवटच्या अपघातानंतर किती दिवस गेले तो आकडा खडूनं लिहिलेला असायचा आणि रोज बदलायचा. आम्ही लहान असताना अण्णा घरी आले की आम्ही विचारायचो, "आज किती?" एकदा ते आले आणि काही बोललेच नाहीत. एका साथीदाराच्या बोटाचं पेर गेलं होतं. कारखान्याच्या गाडीतून त्याला मिरजेला नेलं, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद झाले, आणि अण्णा रात्री उशिरापर्यंत वहीत काहीतरी लिहीत बसले. मशीनवरचं गार्ड कुणी काढलं होतं, का काढलं होतं, सुपरवायझरला माहीत होतं का. "लिहून ठेवायचं," ते आईला म्हणाले, "लिहिलं नाही तर उद्या म्हणतील त्याचाच हात चुकला."

त्यांच्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याची मराठी पुस्तिका होती, कडा कुरतडलेली. सुट्टीत वाचायला दुसरं काही नसलं की मी ती चाळायची. तेव्हा गंमत वाटायची, आता वाचताना वेगळंच वाटतं. कारखान्याच्या भिंतींना चौदा महिन्यांतून एकदा चुना लागला पाहिजे, हे त्यात आहे. पिण्याच्या पाण्याची जागा मोरी आणि संडासापासून लांब हवी, आणि त्यावर 'पिण्याचे पाणी' असं कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं हवं, हे आहे. थुंकदाण्या कुठे ठेवायच्या, हेसुद्धा आहे. अडीचशेच्या वर कामगार असले की कँटीन, तीसच्या वर बायका असल्या की पाळणाघर, दीडशे माणसांमागे एक प्रथमोपचाराची पेटी. एखादा माणूस आठ तास एका जागी घालवणार म्हटल्यावर त्याला काय काय लागेल, याचा कुणीतरी बसून विचार केला होता. त्यात एक कलम आहे ज्याची मला आता राहून राहून आठवण येते. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी, मधे जरा फुरसत मिळाली तर टेकायला, बसण्याची सोय केली पाहिजे.

अण्णांना उभं राहावं लागायचं म्हणून कायदा त्यांच्यासाठी स्टूल मागत होता. त्यांची नात दिवसभर बसून असते, आणि तिच्या खुर्चीचं काय हे विचारणारं कुणी नाही.

ती दुपारी दीडला बसते आणि रात्री साडेदहाला उठते. प्रत्यक्षात अकरा, साडेअकरा. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवायचे तर मान खाली जाते, आणि मान सरळ ठेवायला लॅपटॉप उंच केला तर खांदे वर चढतात. त्यासाठी वेगळा कळफलक लागतो, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी लागते, कोपर काटकोनात राहावा लागतो आणि तळपाय जमिनीला टेकावे लागतात. यातलं काहीच महाग नाही. पण हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेचा एक्स-रे हातात धरून. तोवर तिला उजव्या अंगठ्यानं वरणाची वाटी उचलता येईनाशी झाली होती. वहिनी रोज रात्री तिच्या मानेला गरम पिशवीनं शेकायची. घरच्या माणसानं करायचं ते वहिनी करते, त्यात नवल नाही. पण मला वाटत राहतं की ती पिशवी, तो बाम, त्या फिजिओथेरपीच्या फेऱ्या, विजेचं वाढलेलं बिल आणि लोडशेडिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर, हे सगळं कारखान्यात कुणाच्या तरी खर्चाच्या खात्यात लागलं असतं. इथं ते दादाच्या पेन्शनमधून जातं. अपघाताची नोंदवही तर नाहीच. तिची मान दुखायला लागली ती तारीख कुठल्याच फळ्यावर नाही.

हे मी भाचीला बोलून दाखवलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, तू म्हणतीयास ते बरोबर हाय. पण मी जास्त बोलले तर म्हणतील, मग ये की हिंजवडीला. तिथं आहे सगळं, खुर्ची, एसी, कँटीन." तिच्या आवाजात भीती होती आणि ती खरी होती. पुण्यात ती दोन वर्षं काढून आलीय. चौघींत एक फ्लॅट, पगाराचा मोठा भाग भाड्यात, रोज बसचे दोन-दोन तास, आणि रात्री मेसच्या डब्यातली गार पोळी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एक बॅग घेऊन आली ती राहिलीच. इथं तिला दुपारी गरम भाकरी मिळते. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती घरात होती. संध्याकाळी मधल्या सुट्टीत गणपतीच्या देवळापर्यंत चालून येते. सांगली-सातारच्या किती मुली लग्नानंतरही नोकरीत टिकल्या त्या केवळ घरून काम करता आलं म्हणून. ते जावं असं मला एक क्षणही वाटत नाही. घरून काम करणं ही तिच्यावर केलेली मेहेरबानी आहे, असं मात्र तिला पटवून दिलं गेलंय, आणि मेहेरबानी घेतलेल्या माणसाला काही मागायला तोंड राहत नाही. कंपनीनं हिंजवडीतला एक मजला सोडून दिला, हे तीच मला सांगत होती. त्या मजल्याचं भाडं, तिथली वीज, तिथल्या खुर्च्या, तिथला सफाईवाला, एवढं सगळं वाचलं. यातलं काही सांगलीच्या खोलीपर्यंत पोचायला काय हरकत होती?

दुसरीही एक शंका मला छळते आणि तिचं उत्तर माझ्याकडे सोपं नाही. कारखान्यात इन्स्पेक्टर येतो. घरात कुणी यावं का? उद्या कंपनीनं म्हटलं, तुमच्या खोलीचे फोटो पाठवा, कॅमेरा फिरवून दाखवा, तर ते मला चालेल का? त्या खोलीत देवाचं कपाट आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, दुपारी झोपलेली आई आहे. घराचा उंबरठा ओलांडून मालकानं आत यावं असं कुणालाच वाटणार नाही. पण काम मात्र उंबरठा ओलांडून आत आलंय, रात्री साडेअकराला स्वयंपाकघरापर्यंत आलंय. मग मालकाचं कर्तव्य तेवढं दारात चपला काढून बाहेर कसं थांबतं?

शोधत गेले तेव्हा कळलं की हा प्रश्न इतरांनी सोडवायला घेतलाय. ब्रिटनमध्ये १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेचा कायदा आहे, आणि तिथं घरून काम करणाऱ्याबद्दल मालकाची जबाबदारी कार्यालयातल्या माणसाइतकीच धरतात. रोज सलग तास-तासभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी १९९२ पासून वेगळे नियम आहेत. जागेची तपासणी करायची, मधे विश्रांती द्यायची, मागितली तर डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चानं. तिथंही दरवेळी कुणी घरी येत नाही. कामगाराला आधी शिकवतात आणि मग त्याच्याकडूनच यादी भरून घेतात. म्हणजे फॉर्म तिथंही आहे. फरक पुढे आहे. तिथं 'नाही' लिहिलं की मालकाला कामाला लागावं लागतं, आणि कायद्यानं जे पुरवायचं आहे त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. जर्मनीत तर एक माणूस सकाळी अंथरुणातून उठून घरातल्याच कामाच्या खोलीकडे जाताना गोल जिन्यावरून घसरला, पाठीचा मणका मोडला. विमा संस्था म्हणाली, हा घरातला अपघात. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये संघीय सामाजिक न्यायालयानं सांगितलं की हा कामावर जाण्याचा रस्ताच होता, त्याला अपघात विम्याचं संरक्षण आहे. पलंग ते टेबल. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर गावभागातल्या त्या खोलीतली लोंबती वायर आली.

आणि आपल्याकडे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. अण्णांच्या पुस्तिकेतला १९४८ चा कायदा त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत विलीन झाला. कामाची जागा इजा किंवा आजार होणार नाही अशी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं ती संहिता स्वच्छ सांगते. ठरावीक वयावरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही घेतलंय. बाळंतपणानंतर घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आली. सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पहिल्यांदा काही वर्षांपूर्वी आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे तुकडे आहेत. पण लॅपटॉप घेऊन घरी बसलेल्या मुलीची खुर्ची कुणी द्यायची, तिच्या खोलीतलं अर्थिंग कुणी तपासायचं, तिची मान हा कामाचा आजार धरायचा की नाही, हे थेट सांगणारं वाक्य मला त्या तुकड्यांत सापडलं नाही. कर्तव्य आहे, ते तिच्या टेबलापर्यंत आणून सोडणारं कुणी नाही.

हे वाचताना मला सोलापूरची मावशी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. तिच्या शेजारच्या घरात तीन बायका दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. ओली तेंदूची पानं कात्रीनं एका मापात कापायची, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. बोटं इतकी भराभर चालायची की नजर ठरायची नाही. घरात शिरलं की नाकात तिखट झोंबायचं आणि मी शिंकायला लागायची. त्यांची तान्ही मुलं मात्र त्याच पोत्याशेजारी शांत झोपलेली. हजार विड्यांमागे ठरलेले पैसे. कारखानदार नापास विड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. त्यांच्यासाठी १९६६ मध्येच कायदा झाला होता, आणि कारखानदाराकडून माल घेऊन घरी विड्या वळणारी बाईसुद्धा त्याचीच कामगार आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो कायदा उचलून धरला. पुढे इला भट्ट आणि त्यांच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं हाच मुद्दा जगापुढे नेला आणि १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्यांसाठी करार केला, त्यात सुरक्षा आणि आरोग्याचं संरक्षण घरातल्या कामालाही आहे. त्या लढ्यात पुढे असलेल्या आपल्या देशानं त्या कराराला अजून मंजुरी दिलेली नाही. त्या तीन बायकांना यातलं किती मिळालं ते मी पाहिलंय, फारसं नाही. तरी एवढं तरी ठरलेलं होतं की चूल आणि काम एका छताखाली असलं म्हणून बाई कामगार नसते असं होत नाही. साठ वर्षांनी, इंजिनिअर झालेल्या मुलीच्या बाबतीत आपण ते पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसलोय.

मार्चमध्ये दादानं वायरमन बोलावला. मीच मागे लागले होते. त्यानं टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला लावलं, दुसरं न्यूट्रलला, दिवा लागला. मग दुसरं टोक अर्थच्या भोकात घातलं. दिवा लागलाच नाही. पुराच्या गाळात अर्थिंगची तार परसात कधीच कुजून तुटली होती. पॉइंट वर गेले, जमिनीतली तार कुणी पाहिलीच नाही. वायरमननं भाचीला विचारलं, "ताई, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला हात टेकला की मुंग्या येतात काय?" ती थक्क होऊन म्हणाली, "येतात की. मला वाटलं टायपिंग करून करून येतात." लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती, त्या मुंग्या तिच्या मनगटातून येत होत्या. परसात नवा खड्डा झाला, पाइप पुरला, कोळसा आणि मिठाचे थर दिले, पाणी ओतलं. मेन बोर्डावर वीज गळली की आपोआप बंद होणारा तीस मिलीअँपिअरचा स्विच बसला. टेबलाजवळ तीन पॉइंट थेट भिंतीतून आले. मुंग्या थांबल्या. वायरमन गेल्यावर ती बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसली होती, आणि मला त्या मुलीच्या डोळ्यांत पहिल्यांदा राग दिसला.

त्या रागातूनच तिनं लिहायला घेतलं. तिच्या टीममधली कराडची एक मुलगी, इचलकरंजीचा एक मुलगा आणि पुण्यातच पण घरून काम करणारी एक तान्ह्या बाळाची आई, अशा सगळ्यांनी मिळून एक मेल तयार केला. मी त्यात एकच गोष्ट घालायला लावली. आमच्या अण्णांसारखं लिहा, म्हटलं, काय आहे आणि काय नाही ते तारखेसह. त्यांनी लिहिलं. खुर्ची नाही. वेगळा कळफलक नाही. अर्थिंग नव्हतं, ते अमुक तारखेला करून घेतलं, बिल सोबत जोडलं आहे. रात्री दहानंतर आलेल्या फोनची यादी. मानेच्या दुखण्याचा डॉक्टरांचा कागद. आणि एक विनंती, की 'नाही' लिहिलं तर तो फॉर्म कुणाकडे जाईल आणि तो माणूस किती दिवसांत काय करेल, हे कळवावं. पाठवायचं बटण दाबताना तिचा हात थरथरत होता. उत्तर आलं ते थंड नव्हतं. खुर्ची आणि कळफलकासाठी एक रक्कम देता येईल, विजेच्या दुरुस्तीचा खर्च सध्याच्या धोरणात बसत नाही पण वर विचारतो, असं होतं. फॉर्मबद्दल काही नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलंय. हिंजवडीला या, असं अजून तरी कुणी म्हणालेलं नाही.

हे सगळं चाललेलं समोरच्या काकू ऐकत होत्या. त्या आमच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवतात, एका व्यापाऱ्याकडून कापलेला माल येतो, डझनावर पैसे. त्यांच्या मशीनला मोटर आहे आणि मोटरची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या तर्जनीच्या नखातून सुई आरपार गेली. त्यांनी पक्कडीनं ओढून काढली, हळद दाबली आणि त्याच दुपारी उरलेल्या चड्ड्या शिवून दिल्या, कारण टेम्पो संध्याकाळी येणार होता. भाचीनं त्यांना सुईपुढची जाळी मोबाइलवर दाखवली, बोट आत जाऊ नये म्हणून असते ती. तिची किंमत बघून काकू म्हणाल्या, "एवढीच व्हय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण जाळी घेऊन काय करू? हात सावकाश चालवायचा तर डझनाला मिळतंय किती ते बघ. रेट वाढू दे, मग जाळी मी घेते, लाईट मी घेते." त्यांच्या बाबतीत फॉर्म नाही, एचआर नाही, मेल पाठवायला पत्ता नाही. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, मालक साहित्य देवो न देवो, तो कामगारच. मी ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं की त्यात व्यापाऱ्याचं नाव कुठं आलंय.

भाचीनं आमच्याच वायरमनकडून त्यांची मोटरची वायर बदलून घेतली. पैसे काकूंनीच दिले, दुसऱ्या कुणाचे घ्यायला त्या तयार नव्हत्या. गणवेशाचा हंगाम जूनच्या आधीचा. एप्रिल लागला की व्यापाऱ्याला माल रोज हवा असतो आणि तेव्हाच तो चार शब्द ऐकून घेतो, नंतर नाही. तो माल घ्यायला येईल तेव्हा गल्लीतल्या शिवणाऱ्या सगळ्या जणी एकाच वेळी समोर असाव्यात, असं काकूंनी ठरवलंय. डझनाचा रेट, सुईची जाळी आणि बोटाला लागलं तर त्या दिवसाची मजुरी, या तीन गोष्टी मागायच्या आहेत. भाची त्या कागदावर लिहून देणार आहे.